चुना वाळेपर्यंत

लुरलीन स्वतःची बादली आणि ब्रश घेऊन आली, तेव्हाच एनोला समजली की हिला काहीतरी हवंय.

एरवी लुरलीन यायची ती दुसऱ्या दिवशी, थेट तूसाँच्या, म्हणजे सर्व संतांच्या सणाला. पाद्री कबरींवर पवित्र पाणी शिंपडत फिरायचा तेव्हा टेक्सासच्या नंबरची तिची लांबलचक गाडी फाटकापाशी थांबायची. शेवंतीची सगळ्यांत मोठी कुंडी तिची असायची, आणि जेवण झालं की ती परत ब्यूमाँटच्या वाटेला लागायची. आदल्या दिवशीचं राबणं, म्हणजे शेवाळ खरवडणं, तडे बुजवणं, चुना देणं, हे तिनं लग्नानंतर सोडलं ते सोडलंच. आणि आज ही बाई पासष्टाव्या वर्षी डोक्याला रुमाल बांधून पापा-ममाच्या कबरीशी उकिडवी बसली होती.

"चुन्यात मीठ घातलंस का गं?" तिनं विचारलं.

"दर वर्षी घालते," एनोला म्हणाली. "तू विसरली असशील म्हणून सांगते, चिमूटभर नीळपण घालते."

"टोचून बोलू नकोस, शा," लुरलीन लाडीगोडीनं म्हणाली.

"टोचलं का? मग जागा बरोबर सापडली."

लुरलीन हसली. धाकट्या बहिणीनं टोमणा मारला आणि लुरलीन हसली, असं या दूगा घराण्यात याआधी कधी झालं नव्हतं.

शेजारच्याच कबरीवर रसेल पाणी ओतत होता. तिथं त्याचा बाप क्लेबेर, म्हणजे या दोघींचा मधला भाऊ, तीन वर्षांपूर्वी निजला होता. रसेल समुद्रातल्या तेलाच्या फलाटावर कामाला होता. पंधरा दिवस पाण्यात, पंधरा दिवस जमिनीवर, आणि जमिनीवरचे पंधरा दिवस बहुतेक बायकोशी भांडण्यात. आज तोही न बोलावता आला होता. त्यालाही काहीतरी हवं होतं, पण त्याचं तोंड कोवळं होतं, त्याला लपवता येत नव्हतं.

सगळ्यांत शेवटी धाकटा भाऊ नेल्विन आला, शेतावरून तसाच, गुडघ्यापर्यंत चिखलाचे बूट घालून. भाताची कापणी होऊन खाचरांत क्रॉफिशसाठी, त्या गोड्या पाण्यातल्या झिंग्यांसाठी, पाणी सोडायचं चाललं होतं. मागून त्याची बायको व्हर्ना, स्वच्छ कपड्यांत, हातात काही नाही.

"टी-नेल!" लुरलीन दोन्ही हात पसरून उठली. चौपन्न वर्षांच्या, शंभर किलोच्या माणसाला अजून धाकटा म्हणून हाक मारायचा हक्क फक्त बहिणींना होता. "किती वाळलास रे!"

"वाळलो नाही. तू जवळून बघितलं नाहीस बरेच दिवस," नेल्विन म्हणाला, आणि ब्रश उचलून कबरीच्या मागच्या बाजूला गेला.

मग नुसते ब्रश चालू लागले. बोलायची सोयच नव्हती. ममाचा एक नियम होता आणि ती जाऊन वीस वर्षं झाली तरी तो मोडायची कोणाची छाती नव्हती. चुना ओला असेपर्यंत कबरीपाशी भांडायचं नाही. ओल्या चुन्यावर रागाचा शब्द पडला की तो आत जिरतो आणि वर्षभर निघत नाही, असं तिचं म्हणणं. चुना वाळल्या वाळल्या ती स्वतः जिभेचा पट्टा सोडायची, ती गोष्ट वेगळी.

चुना देऊन झाला. आता अक्षरं. ते काम एनोलाचं. घरात सगळ्यांत वळणदार हात तिचा, म्हणून वयाच्या बाराव्या वर्षापासून मेलेल्या दूगांची नावं तीच काळ्या रंगात गिरवत आली होती. पण त्यासाठी चुना वाळायला हवा होता, आणि आकाश गच्च भरलेलं होतं. दक्षिणेकडून, समुद्राकडून, ओलसर वारा येत होता. लुरलीन घटकाघटकानं बोट लावून बघत होती. शेवटी तिनं टोपी काढली आणि बापाच्या कबरीला वारा घालू लागली.

"आजोबांना उकडतंय का, तांत?" रसेलनं आत्याला विचारलं.

नेल्विन पाठ करून उभा होता, पण त्याचे खांदे हलले. एनोलाला वाटलं, हा हसतोय. मग वाटलं, हा फार आधीपासून हसतोय.

---

चुना वाळलाच नाही. अक्षरं उद्या सकाळी पाद्री यायच्या आधी गिरवू, असं ठरवून सगळे जेवायला घरी गेले.

घर म्हणजे पापाचं घर. एनोलानं याच घरात पापाला सहा वर्षं अंथरुणात भरवलं, पुसलं, कुशीवर वळवलं. पापा गेला, वाटण्या झाल्या, तिघांनी आपापला हिस्सा नेल्विनला विकला, आणि महिन्याभरात व्हर्नानं खिडक्यांना नवे पडदे लावले. तेव्हापासून एनोला चर्चमागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहत होती. तिचा म्हातारा घरमालक गेल्या उन्हाळ्यात वारला. त्याच्या मुलाला ते घर विकायचं होतं. "तुम्हाला घ्यायचं तर पुढच्या तूसाँपर्यंत थांबतो," तो म्हणाला होता, "नाहीतर मग..." पुढचं बोलायला तो लाजला. भला मुलगा होता.

व्हर्नानं गम्बो वाढला. बदकाचं मांस होतं, रस दाट आणि काळाभोर, भात मोकळा. बोलण्यासारखं फक्त तेवढंच होतं, आणि त्यावर सगळे नको इतकं बोलले. कॉफी आली तशी लुरलीननं पर्स उघडली. कागद टेबलावर आला.

"टी-नेल, हे काही विशेष नाही रे. एक सही हवीय."

"कशावर?"

"आपलं जे आहे ते आपलं आहे, एवढंच."

नेल्विननं कागदाला हात लावला नाही. "वाचून दाखव."

"त्यात वाचण्यासारखं—"

"मी वाचतो, नॉन्क," रसेल काकाला म्हणाला. त्याला आपण शहाणपणा करतोय असं वाटत होतं. "यात लिहिलंय की जमीन विकताना तांत लुरलीन, तांत एनोला आणि माझे पापा, तिघांनी जमिनीच्या पोटातलं स्वतःकडं ठेवलं होतं. तेल, वायू, जे असेल ते. आणि ते अजून त्यांचंच आहे, हे तुला कबूल आहे."

"आणि हे आजच का?" नेल्विन म्हणाला. "दहा वर्षांत कोणाला माझी कबुली लागली नाही. आज एकदम बदक गिळता गिळता आठवलं?"

बाहेर पाणी उपसायचं इंजिन धडधडत होतं.

"मीच सांगतो," नेल्विन म्हणाला. "परवा दहा वर्षं होतात. आपल्या लुइझियानात दहा वर्षं खालच्याला कोणी हात लावला नाही, एकसुद्धा भोक पाडलं नाही, तर खालचं वरच्याकडं परत येतं. आपोआप. कोर्टात जायला नको, कोणाच्या पाया पडायला नको. हां, जमीनवाल्यानं तारखेच्या आत अशी कबुली लिहून दिली तर दहा वर्षं पुन्हा पहिल्यापासून. म्हणून ही बादली, म्हणून हा रुमाल."

लुरलीनचा चेहरा पडला. "तुला माहीत होतं?"

"सौदा झाला त्याच दिवशी नोटरीनं सांगितलं. तू बाहेर गाडीत रंग लावत होतीस ओठांना."

"दहा वर्षं तुला माहीत होतं आणि तू बोलला नाहीस?"

"तू विचारलं नाहीस. तुला सगळं येतच होतं." आता नेल्विनचा आवाज चढला. "सात वर्षांपूर्वी तेलकंपनीचा माणूस याच खुर्चीत बसला होता. तुम्ही तिघांनी सही केली असती तर तेव्हाच विहीर झाली असती, तुमचं तुमच्याकडं राहिलं असतं, माझ्या चौथाईलाही चार पैसे सुटले असते. क्लेबेर तयार होता. एनोला तयार होती. तू म्हणालीस थांबा, भाव वाढेल. काय म्हणालीस? तेल काही नासत नाही."

"डेल म्हणाला होता तसं. चाळीस वर्षं तो या धंद्यात आहे—"

"टेक्सासात! तुझ्या नवऱ्याच्या टेक्सासात एकदा ठेवलं ते कायमचं ठेवलं. नातवंडं-पतवंडं येऊन मागू शकतात. आपल्याकडं नाही गं तसं. इतकी वर्षं तू तिकडची अक्कल इकडं चालवलीस. इथली राहिली असतीस तर शेंबड्या पोरानंही सांगितलं असतं तुला."

एनोलाला कबूल करावं लागलं की हे ऐकताना तिला बरं वाटलं. वाईट वाटायला हवं होतं, कारण बुडणाऱ्या तीन वाट्यांत एक तिचा होता. पण लुरलीनला कोणी असं बोललेलं ऐकायला ती साठ वर्षं थांबली होती.

"एका सहीचा प्रश्न आहे," लुरलीन म्हणाली. आवाज मऊ करून तिनं कागद त्याच्यापुढं सरकवला. "मी तुझी थोरली बहीण आहे. तुला कडेवर घेऊन फिरवलंय मी."

"आणि त्या दिवशी काय म्हणालीस ते आठवतं? चौदाव्या वर्षापासून मी या जमिनीत आहे. पापानं मला एक दिवसाची मजुरी दिली नाही, म्हणायचा तुझंच आहे सगळं. तो गेला आणि तुम्ही मला ती बाजारभावानं विकलीत. ठीक. घेतली. मग तू म्हणालीस खालचं आमच्याकडं राहील. मी म्हटलं, मग मी घेतोय काय? तर सगळ्यांसमोर, नोटरीसमोर, या व्हर्नासमोर म्हणालीस, 'नांगर जातो तेवढं तुझं.'"

व्हर्नानं बशीतला चमचा सरळ केला. "हसलासुद्धा होतात तुम्ही," ती म्हणाली. "तिघंही."

एनोला हसली होती. तिला स्वच्छ आठवलं. लुरलीन काही बोलली की हसायचं, ही लहानपणापासूनची सवय.

"माझ्या पापाचा वाटा आहे हा!" रसेलनं टेबलावर हात आपटला, कॉफी सांडली. "मी तेव्हा शाळेत होतो, नॉन्क. मी कोणाला हसलो नाही. पलीकडं मेनार्डच्या शेतात वायू लागलाय, आख्खं गाव सांगतंय. पुढच्या वर्षी तुझ्या शेतात खोदाईचा मनोरा उभा राहील, आणि मी समुद्रात बोटं तोडून घेत बसू?"

"तुझ्या तांतला विचार. मला नको विचारूस."

मग नेल्विननं एनोलाकडं पाहिलं. तिथं आल्यापासून पहिल्यांदाच.

"एनोलाचं वेगळं," तो म्हणाला. "तिनं पापाचं सगळं केलं. तिला मी लिहून देतो. आत्ता, याच टेबलावर. तिच्या एकटीच्या वाट्याचं. बाकी कोणाचं नाही."

व्हर्नानं मान झटकन वर केली. चर्चमागच्या दोन खोल्या एनोलाच्या डोळ्यांसमोर आल्या, सकाळचं ऊन येणारी स्वयंपाकघराची खिडकी, आणि ती कोणी घ्यायची नाही आता, असं वाटून ती रडायच्या बेतात होती. तेवढ्यात तिचं लक्ष लुरलीनकडं गेलं.

लुरलीन शांत झाली होती. कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवत होती. "बरोबर आहे," ती म्हणाली. "आमचं जाऊ दे. तिचं तरी कर बाबा. तिला गरज आहे."

लुरलीन आयुष्यात कधी हरली तर आरडाओरडा करून हरायची.

---

"चल, जरा हवा खाऊ," म्हणून लुरलीननं तिला मागच्या पडवीत नेलं आणि दार लोटून घेतलं.

"घे ती सही," ती कानाशी येऊन म्हणाली. "काही बोलू नकोस, रडायचं तर रड, मिठी मार त्याला, पण सही घे."

"घेणारच आहे. तू का एवढी खूश?"

लुरलीननं मागं वळून दाराकडं पाहिलं. "आपला तिघांचा हक्क एकच आहे. एकाच कागदानं ठेवलेला, अजून वाटणी न झालेला. माझा वकील म्हणाला, एकाचा जिवंत राहिला की सगळ्यांचा जिवंत राहतो. त्यानं तुझ्यासाठी लिहिलं तरी माझं वाचतं, रसेलचं वाचतं. कळलं? त्या अडाण्याला हे माहीत नाही."

खाचरांत पाणी चढत होतं. बांधावर पांढरे बगळे उभे होते. एनोला पडवीच्या काठाशी गेली.

"म्हणजे तो मला देणार," ती म्हणाली, "आणि ते तुला मिळणार."

"आपल्याला मिळणार! तुझं घर होतंय, एनोला. क्लेबेरच्या पोराचं भलं होतंय. मी काय एकटी खाणार आहे? आणि त्याचं काय जातं? त्याला भात आहे, क्रॉफिश आहे, घर आहे. तुझं घर, खरं म्हणजे."

तिचा शब्द अन् शब्द खरा होता. लुरलीनशी भांडताना हीच अडचण असायची. ती खोटं क्वचित बोलायची. एनोलाला बहिणीचा राग आला, भावाचा आला, हसलेल्या त्या दिवसाचा आला. पण सगळ्यांत जास्त राग आला तो याचा की साठ वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी फक्त तिचं म्हणून काही द्यायला निघालं होतं, आणि तेही तिच्या हातात यायच्या आधी लुरलीननं आपल्या कामाला लावलं होतं. पापाच्या घरातल्या तिच्या सगळ्या वर्षांचं असंच झालं होतं. राबणं तिचं, आणि हिशेब लुरलीनचा.

ती आत गेली. नेल्विन चष्मा लावून बसला होता. व्हर्नानं कुठूनतरी वहीचं पान आणून दिलं होतं आणि तो मोठ्या, वाकड्या अक्षरांत लिहीत होता. शाळा त्याला पापानं पुरी करू दिली नव्हती. जीभ दातांत धरून लिहीत होता, लहानपणी धरायचा तशी. 'माझी बहीण एनोला दूगा हिचं' इथपर्यंत झालं होतं.

"टी-नेल," ती म्हणाली, "लिहू नकोस."

"आँ?"

"माझं लिहिलंस तर सगळ्यांचं वाचतं. हक्क एकच आहे. हिच्या वकिलानं सांगितलंय."

पेन थांबलं. रसेलनं डोकं दोन्ही हातांत घेतलं. दारातून लुरलीनचा श्वास ऐकू आला, आणि मग ती जे बोलायला लागली ते बोलतच राहिली. एनोला मूर्ख आहे, जन्माची मोलकरीण आहे, मालक बदलला एवढंच, आधी पापाचं ढुंगण धुतलं आता याचं धुवेल, आणि व्हर्ना तिला उंबऱ्यात उभी करणार नाही. बोलता बोलता तिनं कोट घातला, पर्स घेतली, दार उघडलं.

"तुला रस्त्यावर बसलेली बघेन मी," ती म्हणाली. "आणि गाडी थांबवणार नाही."

रसेल तिच्यामागून गेला. जाताना एनोलापाशी थांबला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. "माझे पापा तुझ्यासाठी भांडले असते, तांत," एवढंच म्हणाला.

खोलीत तिघं उरली. नेल्विननं वहीचं पान चुरगाळलं आणि चुलीत टाकलं. मग उठून बहिणीच्या खांद्यावर हात ठेवला. जड, उबदार हात. "तारीख जाऊ दे," तो म्हणाला. "मग तुझं मी तुला देतो. कागद कशाला लागतो आपल्यात? मी आहे ना."

व्हर्ना बशा धूत होती. तिचे हात क्षणभर थांबले, आणि पुन्हा चालू झाले.

---

तारीख गेली. त्या दिवशी काही झालं नाही. कोणी आलं नाही, कुठं शिक्का उठला नाही. सकाळी जे तिघांचं होतं ते संध्याकाळी नेल्विनचं झालं, आणि बगळ्यांनासुद्धा कळलं नाही.

वसंतात शेतात मनोरा उभा राहिला. उन्हाळ्यात वायू लागला. विहिरीवरची ती जळती ज्योत चर्चमागच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायची. एनोला तिच्याकडं बघत कॉफी प्यायची आणि म्हणायची, आज येईल. नेल्विन यायचाही. तांदळाचं पोतं आणायचा, बूदाँची, म्हणजे भात भरलेल्या सॉसेजची, वेटोळी आणायचा, एकदा नवा पंखा आणला. खुर्चीत बसून गुडघे चोळायचा. एकदा तिनं विषय काढला तेव्हा म्हणाला, "कंपनीचं अजून पक्कं नाही गं, बघू." दुसऱ्यांदा काढला तेव्हा म्हणाला, "व्हर्नाशी बोलायला पाहिजे." तिसऱ्यांदा तिनं काढला नाही. मागितलं की मागणारी होते, हे तिला पापाच्या घरात नीट शिकवलं गेलं होतं. घरमालकाच्या मुलानं दारावर विक्रीची पाटी लावली आणि तिच्याकडं न बघता गेला.

तूसाँच्या आदल्या दिवशी ती चुना, मीठ, नीळ, काळा रंग आणि ब्रश घेऊन कबरस्तानात गेली. ऊन लख्ख पडलं होतं. लुरलीन येणार नव्हती, रसेल येणार नव्हता. क्लेबेरची कबर गेल्या वर्षीच्या चुन्यावर काळवंडून उभी होती.

पापाची कबर तिला सापडेना. जागा तीच होती, पण तिथं करड्या ग्रॅनाइटची चकचकीत पेटी होती, आणि पेटीपाशी नेल्विन आणि व्हर्ना नव्या कपड्यांत उभे होते.

"बघ!" नेल्विन म्हणाला. त्याचा चेहरा आनंदानं फुलला होता, आणि तो आनंद खोटा नव्हता, हेच एनोलाला सहन होईना. "मुद्दाम सांगितलं नाही. आता दर वर्षी घासायला नको, चुना द्यायला नको. तुझे गुडघे दुखतात ना. जन्मभराची कटकट गेली."

अक्षरं कोरलेली होती. पापाचं नाव, ओविद. त्याखाली ममाचं नाव. सरळ, खोल, एकसारखी अक्षरं, कोणाच्याही हाताची नसलेली. त्याखाली तिसरं नाव होतं. एनोला दूगा. जन्माचं साल, एक आडवी रेघ, आणि रेघेपुढं कोरी जागा.

"तुझीपण केली," नेल्विन म्हणाला. "पापा-ममाच्या शेजारी. आता तुला जागेची काळजी नाही. इथून तुला कोणी काढणार नाही."

"छान दगड आहे," व्हर्ना म्हणाली. "महाग."

एनोलानं बादली खाली ठेवली. "टी-नेल, माझा वाटा?"

तो खरंच गोंधळला. मग दगडावरच्या तिच्या नावावरून त्यानं तळहात फिरवला. "हा काय," तो म्हणाला. "दिला की."

आजूबाजूला गाव होतं. मेनार्ड मंडळी शेजारच्या रांगेत चुना देत होती, पोरं पाणी आणत होती, आणि सगळ्यांचे हात हळू झाले होते. एनोलानं ब्रश बादलीत बुडवला, निथळू दिला आणि आपल्या नावावर आडवा ओढला. एकदा, दोनदा, रेघ आणि कोरी जागा धरून सगळं झाकेपर्यंत.

"अगं, काय करतेस! ग्रॅनाइटवर चुना धरत नाही. धुऊन जाईल."

"जाऊ दे," ती म्हणाली. "मला आत्ता जे बोलायचंय ते ओल्या चुन्यावर बोलायचं नाही, असं ममा सांगून गेलीय. तेवढा नियम पाळते. उभा राहा इथंच."

तिनं बादली पालथी केली, उरलेला चुना गवतात गेला, आणि त्या पालथ्या बादलीवर ती भावासमोर हात मांडीवर ठेवून बसली. व्हर्ना म्हणाली, चला, घरी जाऊ. नेल्विन हलला नाही.

ऊन कडक होतं. चुना कडांकडून वाळायला लागला होता.